बाबाच्या बँडची कॅसेट

बाळांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, बाबाचा लहानपणीचा आवाज तुझ्याकडे आहे का?" मी "बघते" म्हणाले. खरं तर तो कुठे आहे ते मला ठाऊक होतं. सांगायचा धीर नव्हता. काल ते काम केलं, म्हणून आज लिहिते आहे.

तुमचा बाबा तेव्हा चौदा वर्षांचा होता. आम्ही इथे आखातात, अल कुसैसच्या याच घरात राहत होतो. आजोबा फुजैराच्या बंदरात नोकरीला होते आणि सुट्टीपुरते घरी येत. एकदा जहाजावरच्या एका ऑस्ट्रेलियन इंजिनियरने "तुझ्या मुलाला दे" म्हणून त्यांच्या हातात एक कॅसेट ठेवली. त्याच्या गावाकडच्या तीन पोरांचा बँड होता.

गाणं अगदी हळू सुरू व्हायचं, शेजारच्या खोलीत कुणी स्वतःशीच बोलत असावं तसं. मग गिटार असं अंगावर यायचं की ओट्यावरचे डबे थरथरायचे. आणि पुन्हा एकदम शांत. त्या गोंगाटापेक्षा मला त्या शांततेचीच भीती वाटे. मला शब्द कळत होते, ही आणखी अडचण.

"इतक्या कोवळ्या पोरांना एवढं कसलं रे दुःख?" मी विचारलं.

"आई, तू फक्त शब्द ऐकतेस," तो म्हणाला.

माझ्या सासूबाई साताऱ्याला होत्या आणि त्यांना दिसत नसे, म्हणून आम्ही त्यांना पत्राऐवजी कॅसेट पाठवत असू. एका सोमवारी शेजारचे गृहस्थ साताऱ्याला निघाले आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. गाण्यांच्या विकतच्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून वरच्या कडेला एक भोक असतं. त्यावर चिकटपट्टी लावली की रेकॉर्डिंग होतं. मी तुकडा नीट कापून लावला. कॅसेट कुणाची आहे ते मला माहीत होतं. गोंगाटच तर आहे, असं मनाशी म्हटलं.

माझं बोलणं संपत आलं होतं, तेवढ्यात तो शाळेतून आला आणि टू-इन-वनवर वाकून ओरडला, "आज्जी, मे महिन्यात येतोय! काकाला सांग, सगळे आंबे एकट्याने संपवलेस तर बघ!" आपण आपलीच गाणी पुसतो आहोत, हे त्याला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी तो कॅसेट शोधू लागला, तेव्हा मी सांगितलं. तो मला रागावला नाही. एवढंच म्हणाला, "खलास केलंस ना त्यांना?"

त्या बँडचा नाद मात्र सुटला नाही. पुढच्या अल्बममध्ये व्हायोलिनं आली, गायकाचं किंचाळणं थांबलं. बाबाचे मित्र चिडले, हा खूश. बँडच्या ओढीने तो त्याच देशात शिकायला गेला. तो तिथे पोचला आणि वर्षभरात त्या तिघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं, आणि निरोपाचा एक कार्यक्रमही न करता बँड संपला. "आई, आता ते खरंच खलास," फोनवर हसत म्हणाला. दोन वर्षांपूर्वी तोही तसाच न सांगता गेला. ते तुम्हाला मी काय सांगू?

सासूबाईंच्या मागे त्यांच्या पेटीत ती कॅसेट सापडली होती. तो गेल्यापासून मी ती एकदाही लावली नाही. तरी स्वयंपाक करताना कधी कधी ती हळू सुरुवात कानात येते. आता गिटार येईल म्हणून माझा हात थांबतो. ते येत नाही.

काल मी इथल्याच दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने टेप उजेडात धरली. "अम्मा, बहुत पुराना है. एक ही बार चलेगा, फिर मालूम नहीं."

"चलाओ," मी म्हटलं.

माझा आवाज सुरू झाला आणि लगेच टेप मशीनमध्ये अडकून गुंडाळली जाऊ लागली. त्याने मशीन बंद करेपर्यंत बरीच टेप चुरगळली; तेवढा भाग कापून त्याने उरलेली टेप जोडली. त्यात माझं जवळजवळ सगळं बोलणं गेलं. मी खुर्चीचा हात धरून बसले होते. त्याने बटण दाबलं, आणि तुमचा बाबा आंब्यांवरून ओरडला.

फाइल तुम्हाला पाठवली आहे. त्यात त्याची दोन वाक्यं आहेत, मी बटण बंद केल्याचा खट्ट आवाज आहे, आणि त्यानंतर त्या बँडचं अर्धं गाणं आहे.