तिच्याबद्दल मी लिहिलेला शेरा

सिंगापूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी सर्जिकल वॉर्डची सिस्टर आहे, म्हणजे तिथल्या नर्सेसची प्रमुख. पुण्यात शिकत होते तेव्हापासून माझ्या हाताला वेग, आणि या वॉर्डला तोच लागतो.

काही वर्षांपूर्वी म्यानमारहून एक नर्स आमच्याकडे आली. औषधात कधी चूक नाही, ड्रेसिंग स्वच्छ. पण एका पेशंटपाशी गेली की तिथलीच होऊन जायची. एखाद्या आजोबांच्या घशाखाली गोळी उतरेना, तर ही दहा मिनिटं तिथंच. तोवर बाकीच्या बेल वाजत राहायच्या आणि तिच्या वाटणीचं काम इतर मुलींवर पडायचं. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात मी लिहिलं, ‘कामात संथ. सुधारणा नाही.’ तिनं वाचून सही केली आणि दोन महिन्यांनी नोकरी सोडली. मला सुटल्यासारखंच वाटलं.

दोन वर्षांनी, सिंगापुरातल्याच पुंगोल भागातल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या सासूबाईंना पक्षाघात झाला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुढच्या उपचारांसाठी त्यांना पुनर्वसनाच्या हॉस्पिटलात हलवलं. तिथं त्या तोंडच उघडेनात. मी भरवायला गेले की मान फिरवायच्या.

एका दुपारी गेले, तर तीच नर्स त्यांच्याजवळ बसलेली. हातात पेजेची वाटी.

"आ करा," ती म्हणाली. माझ्या नवऱ्याकडून तिनं दोन-चार मराठी शब्द शिकून घेतले होते. मग नुसती थांबली. बऱ्याच वेळानं सासूबाईंनी तोंड उघडलं. घास उतरेपर्यंत ती त्यांच्या गळ्याकडे बघत राहिली. अर्धी वाटी संपायला पाऊण तास लागला. मी दारातच उभी होते.

ती बाहेर आल्यावर म्हटलं, "तुझ्याबद्दल मी लिहिलं ते चुकलं."

"नाही, सिस्टर. तिथं मी संथच होते. रोज घरी जाऊन रडायचे. फक्त, तुला कुठलं काम जमेल, असं कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं."



सासूबाई पुन्हा चालल्या नाहीत. चार महिन्यांनी गेल्या. पण शेवटपर्यंत तोंडानं जेवल्या, नाकात नळी घालावी लागली नाही.

आता नव्या मुलींना मी तो प्रश्न विचारते. सगळ्यांना मनासारखं काम देता येत नाही. आजवर दोघींचीच बदली करून देता आली.