घरून काम बंद झालं तेव्हा

आमच्या मोताळ्याच्या ऑफिसात कागद हरवतात, किस्से हरवत नाहीत. लॉकडाऊननंतर घरून काम बंद झालं, सगळ्यांनी पावणेदहाला हजर राहावं असा आदेश आला, तेव्हाचे तर बरेच साचलेत.

सुनीता इंगळे आमच्याकडे आस्थापनेला. स्टाफच्या रजा, बदल्या, रिटायरमेंट, सगळं तिच्याकडे. राहायची धाडला, दोन एसट्या बदलून यायची. घरी सासू लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. तिनं साहेबांना विचारलं, "सर, हप्त्यातून दोन दिवस घरून काम करू का?"

"अर्ज द्या."

चार दिवसांनी तो अर्ज तिच्याच टेबलावर परत आला. वर शेरा, 'नामंजूर. तसे पत्र द्यावे.' पत्रं टाईप करायचं काम तिचंच. तिनं स्वतःच्या नावानं नकाराचं पत्र टाईप केलं, साहेबांची सही आणली आणि 'मिळाले' म्हणून खाली स्वतःच सही केली.

माझं सांगतो. मलकापूरला घरून काम करताना दुपारी लेकीसोबत जेवायचो. ऑफिसातल्या पहिल्या दिवशी, अंतर ठेवायचं म्हणून, आम्ही चौघं चार टेबलांवर भिंतीकडे तोंड करून जेवलो. तेवढ्यात लेकीचा फोन.

"पप्पा, आज कोणासंग जेवले?"

"सगळ्यांसंग," मी म्हटलं.

मग घरून काम परत सुरू करावं म्हणून आम्ही साहेबांना द्यायला निवेदन लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या, एक वानखडेभाऊ सोडून. रोहिणखेडचे, आमच्यातले सगळ्यात जुने कारकून. बायको वारलेली, मुलगा पुण्याला.

"भाऊ, तुम्ही काऊन सही नाही करून राह्यले?" मी विचारलं.

"घरी काम करत होतो तवा दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघे ना बाप्पा. मले नोका पाठवू परत."

सुनीता म्हणाली, "भाऊ, तुमचं घर मले द्या, माझं तुम्ही घ्या."

कोणी हसलं नाही. निवेदन पुढं गेलंच नाही.

दीड वर्षानं वानखडेभाऊ रिटायर झाले. शाल, नारळ, फोटो, सगळं रीतसर झालं. पुढच्या सोमवारी सकाळी मी आलो, तर भाऊ हजेरीच्या मशीनपुढं उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. त्यांनी अंगठा ठेवला. मशीनमधली बाई म्हणाली, "धन्यवाद."

भाऊंनी मागं पाहिलं. मागं सुनीता उभी होती. मशीनमधून नावं काढायचं काम तिचंच.

"ताई, नाव काढाचं राह्यलं वाटते माझं," ते खाली बघत म्हणाले.

"ऑर्डरच आली नाही अजून, भाऊ," ती म्हणाली. "आली की काढतो."

ती ऑर्डर शुक्रवारी मीच तिच्या हातात दिली होती.