गफूरच्या भगव्या बदकांची गोष्ट

जुन्नरचा गफूर मणेर दिवाळीचा बांगड्यांचा हंगाम संपला की एक दिवस गायब व्हायचा. पहाटेच्या एस.टी.नं नारायणगावला उतरायचं, तिथून पायी एका आडबाजूच्या तळ्यावर जायचं आणि अंधार पडता परत यायचं. बांगड्यांची माळ घरीच. विचारलं की म्हणायचा, पाखरं बघितली. आता मला सांगा, पंचावन्न-छप्पन साली रिकाम्या हातानं दिवसभर पाखरं बघणारा बाप्या कुणाला पटणार? त्याची भावजय नूरजहाँ तर उघड म्हणायची, की नारायणगावात गफूरचं दुसरं घर आहे.

गफूरची बायको जोहराबी हे हसण्यावारी न्यायची, पण आतून तिला घोर लागला होता. त्या वर्षी तिनं सरळ सांगितलं, मीही येणार. गफूरचा चेहरा असा खुलला, की आपण उगाच संशय घेतला असं तिला वाटून गेलं. तरी तिनं खबरदारी घेतलीच. नवऱ्याच्या मालातल्या सगळ्यात भारी काचेच्या बांगड्या निवडून दोन्ही हात कोपरापर्यंत भरले. सवत समोर आलीच, तर मालकीण कोण ते तिला लांबूनच कळायला हवं होतं.

तळ्याच्या बांधावर चढताना गफूरनं ओठांवर बोट ठेवलं. पलीकडच्या चिखलात काहीतरी केशरी हललं. नीट दिसावं म्हणून जोहराबीनं डोळ्यांवर हात धरला आणि सगळी काच खणखणली. अख्खा थवा उठून टेकडीआड गेला. तिला दिसला तो नुसता काळ्या-पांढऱ्या पंखांचा फडफडाट. पाण्यावर आता एक टिटवी तेवढी ओरडत होती.

"ह्याच्यासाठी आणलं व्हय मला?" जोहराबी म्हणाली.

बांगड्या उतरव म्हणायला गफूरची जीभ रेटेना. बांगड्या भरणाऱ्या मणेरानंच बायकोचे हात उघडे करायचे, हे त्याच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. त्यानं डोक्याचा पटका सोडला आणि तिच्या दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत घट्ट गुंडाळला. मग दोघं बाभळीखाली बसली; तो बोडक्या डोक्यानं, ती धरून आणलेल्या चोरासारखी. भाकरीसुद्धा त्यानंच तिला भरवली, आणि भरवताना गडी चक्क लाजला.

दुपार कलली तसा वरून आवाज आला. थवा टेकडीवरून वळला आणि थेट त्यांच्या समोर पाण्यात उतरला. भगवी अंगं, फिकट माथे, पार हिमालयापलीकडून आलेली. पुस्तकवाले त्यांना चक्रवाक म्हणतात. गफूरची ती भगवी बदकं. एक जोडी तर चरत चरत इतकी जवळ आली, की जोहराबीनं श्वास रोखून धरला. तिला रडू फुटलं. नवरा खरा होता, इतकी वर्षं शब्दाशब्दाला खरा होता. एवढा आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नसेल.

रात्री गल्लीत नूरजहाँ वाट बघत दारातच उभी होती. दिसलं का माझ्या दिराचं दुसरं घर, असं तिनं विचारलं.

"दिसलं की," जोहराबी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली. "सवत येक न्हाई, लई हायेत. आन् लई देखण्या. फुडच्या साली मी बी त्यांच्याकडं जानार हाय."