पारूबायने सोडलेली जागा

मी देवाला मानत आलो, पण देवावर विसंबून मात्र कधी राहिलो नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. डोंबिवलीत आमच्या घरी दत्ताची तसबीर आहे, वडिलांच्या वेळची. अंघोळ झाली की फूल वाहायचं, गुरुवारी देवळात जाऊन यायचं, हे कधी चुकलं नाही. पण माझा सगळा जन्म मोजमापात गेला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायचं काम मी पस्तीस वर्षं केलं. भाग मापात बसला तर पुढे, नाही तर बाजूला. देवाशीही माझं वागणं त्याच पठडीतलं होतं. माझ्याकडून कसूर होणार नाही, तुझ्याकडूनही होऊ नये, असं काहीसं. गेल्या जानेवारीत विमानतळावरच्या एका खुर्चीत बसलेलो असताना ते सगळं मोडलं. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझी ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्यानंतर माझा डबा, माझा अभ्यास, माझी आजारपणं सगळं तिनेच केलं. मी दहावी होईपर्यंत तिने लग्नाचं नावही काढू दिलं नाही. मग काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठी घरात ती गेली आणि तिथलीच झाली. दर भाऊबीजेला तिचा फोन यायचा, "या वर्षी तरी ये." मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की." आधी नोकरी होती, मग मुलांच्या परीक्षा, मग बायकोचे गुडघे. अकरा वर्षं मी गेलो नव्हतो. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. नुसता आळस होता, आणि ती कुठे जात नाही, ही खात्री.

जानेवारीतल्या एका दुपारी भाच्याचा, केदारचा, फोन आला. ताईच्या आतड्याला पीळ पडला होता, ऑपरेशन ताबडतोब करायला हवं होतं. "पण मामा, आई तयारच होत नाहीये," तो म्हणाला. "भाऊ येऊ दे, मग आत न्या, म्हणते. डॉक्टर म्हणतात, उद्या संध्याकाळच्या पुढे थांबलो तर हातात काही राहणार नाही." मी तिला फोन द्यायला सांगितला. खूप समजावलं. तिचा आवाज खोल गेला होता. सगळं ऐकून घेऊन ती एवढंच म्हणाली, "फोनवर नको. ये."

मुलाने दुसऱ्या दिवशीचं सकाळी पावणेबाराचं तिकीट काढलं. आसन विमानतळावर मिळेल, असं मोबाइलवर लिहून आलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. साडेसहाला घराबाहेर पडलो. पहिल्या टॅक्सीवाल्याने येतो येतो म्हणत फेरी रद्द केली, दुसरा आला तो शिळफाट्यावर अडकला. तरी नऊच्या आत पोचलो. तिथल्या मशीनवर तिकिटाचा नंबर टाकला तर काउंटरवर जा म्हणाली. काउंटरची रांग पाऊण तासाची. शेवटी माझा नंबर लागला तेव्हा तिथल्या मुलीने पडद्यावर बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "काका, तुम्हाला वेटिंगवर ठेवलंय."

मी म्हणालो, "तिकीट पक्कं आहे. पैसे भरलेत."

"हो, पण काल धुक्यामुळे विमान रद्द झालं. ती माणसं आज घेतलीयेत. शिवाय दोन-चार जण येतच नाहीत म्हणून थोडी तिकिटं जास्तच विकतात. तुम्ही आत जाऊन गेटवर थांबा. कोणी आलं नाही, तर जागा मिळेल."

आमच्या कारखान्यात कोणी असं काम केलं असतं, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. मी तिला तेच ऐकवलं, आणि चांगल्या चढ्या आवाजात ऐकवलं. मागची माणसं बघायला लागली. बहिणीच्या ऑपरेशनचं सांगून शेवटी मी म्हणालो, "तुमच्या घरी कधी कोणी आजारी पडत नाही का?"

तिने मान वर केली नाही. "पडतं, काका," एवढंच म्हणाली आणि माझ्या हातात वेटिंगचा कागद दिला. पहाटेपासून ती उभी असणार. हे मला आज सुचतं, तेव्हा सुचलं नाही.

सुरक्षा तपासणीत बायकोने ताईच्या ओटीसाठी दिलेल्या खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या. हे पेट घेतं, विमानात चालत नाही, म्हणाले. पट्टा, घड्याळ, बूट असं सगळं ट्रेमधून गोळा करत मी त्या वाट्यांकडे बघत राहिलो. इतरांनी टाकलेल्या काड्यापेट्या आणि कात्र्या यांच्या ढिगात त्या जाऊन पडल्या.

गेटवर पोचलो तर विमान साडेबाराला. मग दीड. मोबाइलवर मात्र अजून 'वेळेवर' असंच दिसत होतं. कंपनीच्या नंबरवर फोन लावला, तर एक दाबा, दोन दाबा करता करता तो कट झाला. दर अर्ध्या तासाने केदारचा मेसेज येत होता. मामा, निघालात का. मामा, डॉक्टर विचारतायत. मी सवयीने दत्ताचं नाव घेत होतो, पण माझ्या लक्षात आलं की तो जप नव्हता, ती तक्रार होती. एवढी वर्षं फुलं वाहिली, एवढे गुरुवार केले, आणि एक जागा मिळत नाही? मग रागाने मी नाम घेणंच थांबवलं. साधारण तासभर मी तसाच बसलो होतो, दगडासारखा. माझ्यापुढे वेटिंगवर आणखी दोन जण होते. त्यांना जागा मिळाल्या. मी शेवटचा उरलो, आणि जागा संपल्या.

त्या खुर्चीत मला पहिल्यांदा हे दिसलं की ताईकडे जायला मला अकरा वर्षं होती. अकरा वर्षं विमानं उडत होती, गाड्या जात होत्या, जागा रिकाम्या होत्या. आज ज्या मुलीवर मी ओरडलो, तिचा त्यात काय दोष?  नवस बोलावासा वाटला नाही, काही मागावंसंही वाटलं नाही. मी मनात एवढंच म्हणालो की माझं आता काही चालत नाही, तुला दिसेल ते कर. ताई वाचेल, असंही वाटलं नाही. फक्त छातीतली मूठ सैल झाली.

काउंटरवरची ती मुलगी आता गेटवर आली होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि माइक हातात घेतला. घरी कोणी फार आजारी असल्यामुळे एका प्रवाशाला आज वाराणसीला पोचायचं आहे, कोणी उद्या जाऊ शकेल का, असं तिने आधी हिंदीत आणि मग मराठीत विचारलं. कंपनी काय काय देईल, तेही सांगितलं. कोणी हललं नाही. मी त्यांना दोष देत नाही. सकाळपासून सगळेच ताटकळले होते.

समोर सात-आठ म्हाताऱ्या बायका जमिनीवर सतरंजी टाकून भाकरी खात बसल्या होत्या. घोडबंदर रोडवर टॉवरांच्या मधे जुनी गावठाणं उरली आहेत, तिथल्या आगरी बायका. भजनी मंडळाची काशीयात्रा होती. त्यातली एक सत्तरीची, बारीक अंगाची, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सरळ माझ्यापाशी आली.

"कोन आजारी हाय रं तुझा?"

"बहीण," मी म्हणालो. "मोठी. मी आल्याशिवाय ऑपरेशनला जात नाहीये."

 ती वळून त्या मुलीला म्हणाली, "पोरी, मना उतरव. याला जाव दे."

मुलगी म्हणाली, "आजी, उद्याच्या विमानात तुमची जागा धरते. हॉटेलची सोय पण करते."

"हाटेल कनाला? माझा घर हाय की ठान्याला."

तिच्या बायकांनी गलका केला. पारूबाय, असं नको करू, एकटी कशी येशील. तिने हातातली लाल कापडी पिशवी त्यातल्या एकीकडे दिली आणि हळूच काहीतरी सांगितलं. ती बाई डोळ्याला पदर लावून गप्प झाली. मी पाया पडायला वाकलो, तर पारूबायने माझा खांदा धरला. "बहिनीच्या पर. मी कोन तुझी? जा, तिकडं दरवाजा लावतील."

विमानात पारूबायच्याच जागेवर मी बसलो. शेजारी लाल पिशवी मांडीवर घट्ट धरून ती दुसरी बाई होती, जनाबाय. विमान वर गेल्यावर मी तिला म्हणालो, तुमच्या मैत्रिणीचे माझ्यावर फार उपकार झाले. तिने मांडीवरची पिशवी जरा माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "ही पिशवी कसली ठावं हाय? तिच्या भावाच्या अस्थी हायेत."

हळूहळू तिने सांगितलं. पारूबायचा भाऊ मिठागरात कामाला होता, एकटाच राहायचा. त्याला बायको-मूल नव्हतं. इस्पितळातून निरोप आला तेव्हा पारूबाय बसने निघाली, आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बस तीन तास उभी राहिली. ती पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. भाऊ शेवटपर्यंत तिचं नाव घेत होता, असं तिथल्या नर्सने सांगितलं. म्हणून निदान अस्थी तरी आपल्या हाताने गंगेत सोडायच्या, यासाठी तिने ही यात्रा धरली होती. उद्याचं विमानही धुक्यात अडकलं तर, म्हणून पिशवी तिने पुढे पाठवली होती. जनाबाय म्हणाली, "तुझा ऐकला न् बोलली, माझा भाव गेला तवा मना पोचाला नाय जमला. याला पोचू दे."

 उरलेला सगळा प्रवास मी त्या पिशवीशेजारी हात जोडून बसलो. बंद झालेलं नाम कधी सुरू झालं, ते मला कळलं नाही.

वाराणसीवर धुकं होतं. वीस-पंचवीस मिनिटं विमान वरच घिरट्या घालत राहिलं. खाली उतरून इस्पितळात पोचलो, तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. ताई पलंगावर एवढीशी झाली होती. तिने डोळे उघडले.

"आलास?"

"आलो, ताई."

तिने माझा हात हातात घेतला, मनगटाला चाचपून बघितलं, लहानपणी ताप बघायची तसं. मग केदारला म्हणाली, "आता बोलाव त्यांना."

ऑपरेशन चार तास चाललं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की अजून थोडा उशीर झाला असता, तर आम्ही उघडून तसंच बंद केलं असतं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्या डोळ्यांपुढे देव आला नाही. गुडघ्यावर हात टेकून उठणारी ती बाई आली.

दुसऱ्या दिवशी ताई शुद्धीवर आल्यावर मी विमानतळावर फोन केला. पारूबायला उतरवून घ्यायला मी स्वतः जाणार होतो. पण धुकं दाट झालं होतं आणि ते विमान रद्द झालं होतं. पुढच्या दोन दिवसांतही जागा नव्हती. मंडळाच्या बायकांचं परतीचं तिकीट आधीच काढलेलं. जनाबायचा नंबर मी घेऊन ठेवला होता. तिला फोन केला, तर म्हणाली, घाटावर ये.

मी गेलो. ऊन नव्हतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. जनाबायने पारूबायला फोन लावून माझ्या कानाशी धरला.  मी म्हणालो, "माझ्यामुळे तुमचं राहिलं."

"तुझी बहीन कशी हाय?"

"वाचली."

 मग ती म्हणाली, "मंग तूच सोर पान्यात. भावाचा हात हाय, चालंल." आणि मला भावाचं नाव सांगितलं.

गुडघाभर पाण्यात उतरून मी ते नाव घेतलं आणि ज्याला मी कधी बघितलं नव्हतं, त्याच्या अस्थी गंगेत सोडल्या. पाणी इतकं गार होतं की पाय बधिर झाले. काठावर बायका भजन म्हणत होत्या. त्या वेळी माझ्या मनात मागणं नव्हतं, प्रश्न नव्हता. मी कोणाचा भाऊ आणि कोण माझी बहीण, याच्या रेषा पुसल्यासारख्या झाल्या होत्या. त्याला काय म्हणतात, ते मला माहीत नाही.

ताई महिनाभराने हिंडू-फिरू लागली. मी परत आल्यावर पत्ता काढून पारूबायच्या घरी गेलो. मोठ्या इमारतींच्या मागे बोळातलं बैठं घर, दारात तुळस. ती तांदूळ निवडत बसली होती. मी गंगाजलाची छोटी बाटली पुढे ठेवली आणि इतके दिवस मनात असलेलं विचारलं, की एवढ्या माणसांत तुम्ही माझ्यासाठीच कशा उठलात?

"तू नसतास त दुसरा कुनी असता," ती म्हणाली. "जागा द्यावाची होती, दिली. त्यात तुझा काय न् माझा काय."

ही कृपा माझ्या पुण्याईने किंवा माझ्या गुरुवारांमुळे आली, असं कुठेतरी मी अजून धरून बसलो होतो. त्या बोळात ते सुटलं. कृपा माझ्यासाठी आली नव्हती. ती वाहत होती आणि मी वाटेत रिकाम्या हातांनी बसलो होतो, एवढंच. आपल्याकडून व्हायचं ते इतकंच असतं, हात रिकामे करणं. तेही मी केलं नाही, माझ्याकडून करवून घेतलं गेलं.

पारूबायने मला जेवायला बसवलं. मी नको म्हणत असताना आणखी भात वाढला. तिने माझं नाव अजून विचारलेलं नाही.