उंबराच्या पारापर्यंत: दोन एसट्या आणि एक ऑटो

पेडगावात आमच्या घरासमोर मारुतीचं देऊळ आहे आणि देवळाच्या भिंतीला एक फळा. सासऱ्यांनी सुरू केलेला. सकाळची पूजा झाली की त्यावर रोज एक माहिती लिहायची. कधी एखादा शब्द आपल्याकडे कुठून आला ते, कधी जुना इतिहास, कधी साधं सामान्य ज्ञान. सासरे गेले आणि खडू माझ्या हाती आला. शिक्षण दहावीपर्यंतचं, पण अक्षर बरं आहे.

सासऱ्यांचा नियम एकच होता. चूक निघाली तर ती पुसायची नाही. काट मारून तशीच ठेवायची, स्वतः जाऊन खरं काय ते बघायचं आणि मग खाली लिहायचं.

गेल्या महिन्यात फोनवर आलेलं मी तसंच उतरवलं: 'आज जिथं येलदरी धरणाचं पाणी आहे, तिथं पूर्वी ओसाड माळरान होतं.'

दुपारी गल्लीतल्या गयामावशी दारात उभ्या. वय शहात्तर, लिहिता-वाचता येत नाही. नातीनं फळा वाचून दाखवला होता. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"माळरान व्हतं व्हय? मग मी कुठं जन्मले गं?"

त्यांचं माहेर उंबरखेडी. त्या बारा-तेरा वर्षांच्या असताना गाव उठलं, मग पाणी आलं. बरोबरीचे सगळे एकेक करून गेले, या दिवाळीत भाऊही गेला. हे सांगून त्या हळूच म्हणाल्या, "मी हाय तवर सांगंन, माय. माझ्यामागं तुझा फळाच खरा व्हायचा."

मी तशीच उठले आणि फळ्यावर काट मारून आले. जायचं ठरलं. मावशी म्हणाल्या, मीबी येते, लग्नानंतर तिकडं पाऊल पडलं न्हाई.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते: पेडगावहून परभणी आणि परभणीहून जिंतूर या दोन एसट्या, पुढे येलदरीपर्यंत ऑटो. पहिली गाडी धरली तर दिवे लागायच्या आत घरी येता येतं. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट, पण आधार कार्ड जवळ हवं. बाहेर खायची गरज नाही. मी ज्वारीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन कांदे फडक्यात बांधून घेतले होते. धरण ज्या नदीवर आहे त्या पूर्णामाईसाठी एक नारळ घेतला.

जिंतूरच्या गाडीत कंडक्टरनं मावशींचं कार्ड उलटसुलट पाहिलं. "आजी, तुमीबी एक जानेवारीच्याच का? माझ्या गाडीतल्या साऱ्या आज्या एक जानेवारीच्या."

"त्या दिशी लय गर्दी झाली आसंल," मावशी म्हणाल्या. सगळी गाडी हसली. सकाळपासून त्याही पहिल्यांदाच हसल्या.

जिंतूरला उतरून ऑटो केला. धरणाच्या भिंतीकडे न जाता ऑटोवाल्यानं आम्हाला पाण्याच्या कडेकडेनं बरंच आत नेलं. परतीला थांबायचं आधीच ठरवून घ्या, तिकडे दुसरा ऑटो मिळत नाही.

उतरलो आणि माझं मन खट्टू झालं. पाणी भरपूर होतं. कुठे एक दगड वर नाही, ना भिंत, ना खूण. मावशी कपाळावर हात धरून बघत राहिल्या. समोरच्या टेकडीवरून बोट खाली आणलं, थांबल्या, पुन्हा वर नेलं. नदीवरून गावात शिरलं की आधी कासाराचं घर, मग आमचं, मग उंबराचा पार, असं पुटपुटत होत्या. पण ते सगळं नेमकं कुठे, ते त्यांनाही सांगता येईना. मला काळजी लागली. घरी जाऊन लिहू काय? एक ऐकीव खोडून दुसरं ऐकीवच?

काठावर एक मासे धरणारा जाळं उकलत बसला होता. चाळिशीचा असेल. कुठं चालल्या मायहो, म्हणाला. मी सगळं सांगितलं. गावाचं नाव त्याला माहीत नव्हतं. मग सहज विचारावं तसं मी विचारलं, जाळं कुठंही टाकता का?

"कुठंबी न्हाई. तिकडं, पाराकडं टाकत न्हाई. फाटतंय."

"कसला पार?" मावशींनी विचारलं.

"काय म्हाईत, आजी. खाली दगडं हायत. आमचा बाप पार म्हणायचा, आमीबी पार म्हणताव."

मावशी खाली वाळूतच बसल्या. मग त्याला सांगू लागल्या. गोल पार, त्याच्यावर मोठा उंबर, आणि उगवतीकडची एक पायरी तुटलेली. तिथंच त्यांच्या लग्नाचा मांडव पडला असता, पण त्याआधी गाव उठलं. तो माणूस हातातलं जाळं तसंच ठेवून ऐकत होता. त्या जागी आजवर किती जाळी फाटली असतील, पण तुटक्या पायरीबद्दल त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

नारळ मी पूर्णामाईसाठी आणला होता. मावशींकडे पाहिलं आणि त्याच्या हाती दिला. तो थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातानं वल्हवत निघाला, बराच आत गेला, थांबला. वळून आमच्याकडे बघितलं, नारळ दोन्ही हातांनी धरून पाण्यात सोडला आणि त्या जागेला हात जोडले.

"आतं दिसलं बग," मावशी म्हणाल्या. "आमचं घर त्याच्या आलीकडं."

दशम्या आम्ही तिघांनी खाल्ल्या. नारळ नेऊन सोडल्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काट मारलेल्या ओळीखाली मी लिहिलं: 'येलदरीच्या पाण्यात एका जागेला मासे धरणारे पार म्हणतात. तो उंबरखेडी गावाचा उंबराचा पार. सांगणार गयाबाई, त्याच गावच्या.' मावशींनी नातीकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, तुटक्या पायरीचं राह्यलं. मी तेही बारीक अक्षरात वरच्या कोपऱ्यात बसवलं.

रोज सकाळी फळा पुसायचा असतो. त्यानंतरच्या सकाळी फडकं ओलं करून गेले, तर त्या कोपऱ्याला कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं होतं.

तेव्हापासून मी रोजची माहिती खालच्या अर्ध्या फळ्यावरच लिहिते. जागा पुरते.