जवळ आलेलं बेट

हिस्के बत्तीस वर्षं लोकांना ओहोटीच्या वेळी समुद्राच्या तळावरून चालत बेटावर न्यायची. आमच्या फ्रिसलंडच्या किनाऱ्यावर तिच्या जिभेला सगळेच टरकून असत, आणि मी तर तिचा मदतनीस, तिच्या तुकडीत कायम शेवटी चालणारा. "वोबे, तू समुद्राला जास्त घाबरतोस की मला?" ती विचारायची. दोघांनाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

तिचा नियम एकच. मधल्या मोठ्या ओढ्याशी साडेनऊच्या आत पोचायचं. उशीर झाला आणि कोणीही, अगदी शेवटच्यानेही, 'वळा' म्हटलं, की हुज्जत न घालता वळायचं.

एप्रिलमधल्या त्या सकाळी आमच्याबरोबर बारा जण होते. एका बाईचा बूट चिखलात रुतला, तो काढण्यात वेळ गेला. ओढ्याशी आलो तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. आणि समोर बेट इतकं जवळ, की घरांच्या खिडक्या मोजून घ्याव्यात. खरं तर अजून दीड तासाची वाट होती. पाणी गारठलेलं आणि वरची हवा उबदार असली की उजेड सरळ येत नाही. तो गार हवेकडे वाकत येतो आणि क्षितिजाखालचंही वर उचलून दाखवतो. हे मला हिस्केनेच शिकवलं होतं.

"अर्ध्या तासात पोचू," ती म्हणाली. "चला."

मी होतो तिथेच थांबलो. "हिस्के, वळा."

"झालं याचं सुरू. अरे, समोर दिसतंय की."

"वळा म्हणतोय ना."

लोक हसले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिच्या मनातून कायमचा उतरलो असं वाटलं. पण ती वळली.

परतताना भरतीचं पाणी मागून नाही, दोन्ही बाजूंनी आलं. आधी घोट्याला, मग मांडीला. हसणं केव्हाच थांबलं होतं. बूटवाली बाई रडत होती आणि हिस्के तिला दंडाला धरून ओढत होती. किनाऱ्यावरच्या बांधाजवळच्या शेवटच्या ओहोळात पाणी छातीला लागलं. माझे दात वाजत होते, आणि ते गारठ्याने नव्हते वाजत. बांधावर चढून मी डोकी मोजली, बाराच्या बारा भरली, तेव्हा कुठे श्वास घेतला. मागे पाहिलं तर बेट म्हणजे लांबवर एक बारीक रेघ.

हिस्के गवतावर बसून राहिली. "मी बारा जणांना घेऊन निघाले होते रे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती चिखलात उतरली नाही. "वोबेची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे, आता तोच पुढे चालेल," असं ती सगळ्यांना सांगते. मी पुढे चालतो. त्या सकाळी मलाही बेट तिच्याइतकंच जवळ दिसत होतं. मी फक्त घाबरलो होतो.