सत्कारातून उरलेला वेळ

दहावीच्या बीजगणिताचा पेपर दुसऱ्या दिवशी होता आणि मला वर्गसमीकरणं येत नव्हती. आमच्या घरात तोवर कुणी दहावीपर्यंत पोचलंच नव्हतं, मग विचारणार कुणाला? आज मी घरातली पहिली पदवीधर आहे, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते.

तर त्या दुपारी स्वारगेटजवळच्या आमच्या अभ्यासिकेत एक निवृत्त गृहस्थ फुकट शिकवायला आले. कपाळावर आठी, शर्टाच्या बाह्या आधीच दुमडलेल्या. दोन तास देणार होते. अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाने त्यांना खुर्चीत बसवलं, समई लावली, परिचय वाचला. मग अध्यक्ष ‘वेळेचं दान’ या विषयावर घड्याळाकडे न बघता बोलले. अंगावर शाल आली तेव्हा गृहस्थ एवढंच म्हणाले, “अहो, मार्च आहे.”

सचिव आभार मानायला उठले, तसे गृहस्थही उठले.

“दोन तास द्यायला आलो होतो. त्यातला सव्वा तास तुम्ही मलाच परत केलात. आता आभार बाहेर जाऊन माना, आणि जाताना दार लावून घ्या.”

“पण सर, ग्रुप फोटो राहिलाय.”

“बाहेर उजेड चांगला आहे.”

मंडळी गेली. फळ्यावर रंगीत खडूंनी गृहस्थांचं स्वागत लिहिलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या नावासकट पुसून टाकलं आणि आमच्याकडे वळून विचारलं, “काय येत नाही?”

तोवर मला असं कुणी विचारलंच नव्हतं. मी हात वर केला.